शेवंतीसाठी मास्तर

आमची शेवंती ही वरातीची घोडी. पांढरी, आत वळलेल्या कानांची, आणि स्वभावाने इतकी शांत की पायाशी फटाक्यांची माळ लागली तरी फक्त शेपटी हलवायची. लालबाग, परळ, करी रोड या भागातल्या कितीतरी नवरदेवांना तिने मांडवापर्यंत पोचवलं. आधी तिचा दोर माझ्या नवऱ्याच्या हातात असायचा. गिरणी गेल्यावर दगडूने घोडीचा धंदा धरला होता. शेवंती ही त्याची शेवटची घोडी. तो गेल्यावर दोर मी हातात घेतला. पहिल्या लग्नसराईत लोक हसले. लुगड्यातली म्हातारी घोडीचा दोर धरून बँडच्या मागे चालते, हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे नवरीकडच्या बायकाच सांगायला लागल्या, "त्या मालनमावशींची घोडी आणा, ती उधळत नाही."

गेल्या पावसाळ्यात आमच्या तबेल्याच्या मालकाने निरोप पाठवला. करी रोडची ती मागची गल्ली टॉवरवाल्यांना गेली होती. दिवाळीनंतर तबेला तुटणार. मुंबईत माणसाला जागा मिळेल, घोडीला कोण देणार?

मनू बँडवाला घ्यायला तयार होता. माणूस वाईट नाही. पण त्याच्या घोड्या लग्नसराईत एका रात्रीत तीन-तीन वराती करतात, आणि शेवंती आता तरणी राहिलेली नाही. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

माझी नात अनुजा माझ्याकडेच राहते. परळला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला आहे. एक दिवस ती धावतच घरी आली.

"आजी, मनूला नाही म्हणून सांग. शेवंतीला नोकरी मिळतेय."

"नोकरी? घोडीला?"

"अगं वरळीला, कोळीवाड्याच्या अलीकडे एक संस्था आहे. ज्या मुलांना नीट चालता येत नाही त्यांना घोड्यावर बसवतात. घोडा चालला की मुलांच्या कमरेला आपोआप व्यायाम होतो. त्यांना शांत घोडी पाहिजे. राहायला तबेला ते देतील."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आणि अनुजा शेवंतीला घेऊन चालत वरळीला गेलो. संस्थेचं आवार लहान पण नीटनेटकं. मध्ये लाल मातीचं रिंगण, त्याला लाकडी कुंपण. व्यवस्था बघणारे मनमोहन म्हणून एक टोपीवाले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी शेवंतीच्या कानाशी टाळी वाजवली, पोटाखाली छत्री उघडली. शेवंतीने जांभई दिली.

"सुरेख," ते म्हणाले. "पण आजी, एक अडचण आहे. आमची मोठी मुलं स्वतः लगाम धरतात. ज्या मुलाला स्वतःचे पाय चालवता येत नाहीत, त्याने चल म्हटलं की एवढं मोठं जनावर चालतं, थांब म्हटलं की थांबतं. आमचं अर्धं औषध तेच. तेव्हा वर बसलेल्याचं ऐकणारी घोडी हवी. हिच्यावर कोणी बसून दाखवता का?"

अनुजा बसली. तिने टाचा मारल्या, लगाम हलवला, चक् चक् केलं. शेवंती जागची हलली नाही.

मनमोहन हसले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. म्हणाले, "कुणाकडून तरी शिकून घ्या दोघी. रिंगण सकाळी रिकामंच असतं, वापरा. दिवाळीच्या आधी मी बघेन. जमलं तर शेवंती आमची. नाही जमलं तर मला माफ करा."

असा आमचा मास्तरांचा शोध सुरू झाला.

पहिले आले हितेंद्र सर. गुडघ्यापर्यंत बूट, हातात छडी. पूर्वी शर्यतीच्या घोड्यांवर असायचे. त्यांनी अनुजाची पाठ सरळ केली, टाचा खाली दाबल्या, रिकिबी आखडल्या. ते सगळं बरोबरच होतं. मी कुंपणाला टेकून उभी होते, पोरीला धीर म्हणून.

"पायाने सांग तिला! पायाने!" सर ओरडले.

अनुजाने पाय आवळले. शेवंती उभी.

"जोरात!"

शेवंती उभीच. सरांनी छडी तिच्या पुठ्ठ्यावर मारली. तिने कातडी थरथरवली, जशी माशी बसल्यावर थरथरवते, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ही घोडी नाही, पुतळा आहे," सर म्हणाले.

"मग पुतळ्याला मारता कशाला?" मी म्हटलं.

त्यांना ते लागलं. दोन आठवडे आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले की ही हट्टी आहे, तोंडात लगामाची जाड लोखंडी कडी घालावी लागेल, मग बघा कशी ऐकते. मी त्या दिवशी तिचा दोर सोडवला आणि शेवंतीला घेऊन घरी आले. तिच्या तोंडात दगडूने कधी कडी घातली नव्हती; लगाम नाकावरच्या पट्ट्यालाच असायचा.

दुसरा आला ध्रुव. तरणा पोरगा, गोड बोलणारा. खिशात गाजराचे तुकडे. तो शेवंतीशी इंग्रजीत बोलायचा, तिच्या मानेला मान लावून उभा राहायचा. म्हणायचा, आधी बाँडिंग झालं पाहिजे. शेवंतीने त्याची गाजरं खाल्ली, सफरचंदं खाल्ली, त्याच्या टोपीची कडही चावून पाहिली. तो चालला की ती त्याच्या खिशामागे चालायची. अनुजा वर बसली की पुन्हा उभी.

"आजी, बाँडिंग झालं," अनुजा म्हणाली. "पण गाजराशी."

ध्रुव हसला, पण मनाला लावून घेतलं त्याने. एके सकाळी टोपी काढून म्हणाला, "आजी, खरं सांगू? मला हिचं कोडं सुटत नाहीये. उगाच तुमचे दिवस खाणार नाही मी. गिरगावात मधुराताई आहेत, शाळेत पीटी शिकवतात. मला घोड्यावर त्यांनीच बसवलं. मी फोन करतो त्यांना."

त्या दिवशी अनुजा आणि मी शेवंतीला घेऊन परत येत होतो. नवरात्राचे मांडव उभे राहायला लागले होते. करी रोडच्या पुलावर अनुजा थांबली.

"आजी, मनूलाच देऊन टाकू."

"का गो?"

"माझ्याने नाही होणार. ती माझं ऐकतच नाही. मी वर असले काय, गोणी असली काय, तिला सारखंच. आणि मनमोहन सरांना पण किती दिवस लटकवणार?"

मनूचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. लग्नाच्या तारखा लागायला लागल्या, तो म्हणाला, मला पक्कं सांगा. घरी जाऊन मी त्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, एवढी गिरगावची बाई बघू.

मधुराताई आल्या त्या बसने. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला थर्मास. ना छडी, ना गाजर. आल्या आल्या त्यांनी चहा ओतला, मला दिला, आणि अनुजा चढायला लागली तशी तिला थांबवलं.

"आधी कोण काय शिकवून गेलं ते मला नको. शेवंती आजवर पोट कसं भरायची, ते दाखवा."

"म्हणजे?" अनुजाने विचारलं.

"वरात काढा."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाई गंमत करत नव्हत्या. त्यांनी फोनवर बँडचं वाजप लावलं आणि आवाज पूर्ण चढवला. वॉचमन बाहेर आला, उजेडात डोळे बारीक करून बघायला लागला. मी दोर धरला. अनुजा वर बसली, हात मांडीवर ठेवून.

"वा! नवरदेव लाजतोय," मधुराताई म्हणाल्या. "चला, मावशी."

मी चालले, शेवंती चालली. माझ्या अंगात ते इतकं भिनलेलं, की मी मधेच थांबले, जशी नाचणाऱ्या पोरांसाठी थांबते. शेवंती थांबली. मी निघाले, ती निघाली. रिंगणाच्या फाटकाशी मधुराताई थर्मासचं झाकण हातात धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी अनुजाला ओवाळलं. शेवंतीने मान खाली घातली, नेहमीसारखी, म्हणजे सासूबाईंचा हात नवरदेवाच्या कपाळाला पोचतो. वॉचमन टाळ्या वाजवायला लागला.

मधुराताईंनी बँड बंद केला. त्या हसत नव्हत्या आता.

"मावशी, तुम्ही दोर एकदाही ओढला नाहीत. तोंडानेही काही बोलला नाहीत. तिला कळतं कसं?"

"बँडमध्ये तोंडाचं ऐकू कुठे जातं? आमच्या ह्यांनी तिला पायांवर शिकवलेलं. मी थांबले की थांबायचं, पाऊल टाकलं की चालायचं. वरचा काय, दारू पिऊन हातवारे करतो, लगाम खेचतो, टाचा मारतो. त्याच्याकडे लक्ष दिलं तर वरात गटारात जाईल."

"म्हणजे वरच्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे तिला नीट शिकवलंय."

"हो तर!"

"बरं. आता तुम्ही रोज जिथे उभ्या असता तिथे जाऊन उभ्या राहा. अनुजा, तू तिला चालव."

मी कुंपणाशी गेले. अनुजाने टाचा दाबल्या. शेवंती उभी. मान वळवून माझ्याकडे बघत.

"मावशी, आता तिथेच, कुंपणाच्या कडेने चाला."

मी पाऊल उचललं. रिंगणाच्या मध्यावरून शेवंतीने पाऊल उचललं.

मी थांबले, ती थांबली.

हितेंद्र सरांचे दोन आठवडे, ध्रुवची ती सगळी गाजरं. आणि रोज सकाळी मी तिथे कुंपणाला टेकून, पाय रोवून उभी. ते मास्तर तिला चल म्हणत होते आणि मी तिला थांब म्हणत होते.

"आजी!" अनुजा ओरडली. "तूच!"

"थांब गं," मधुराताई तिला म्हणाल्या. "आजीवर जाऊ नकोस. घोडी चालली नाही की तू कुठे बघतेस?"

अनुजाने माझ्याकडे पाहिलं. "आजीकडे."

"दोघीही तिथेच बघता. मग आजी काय करणार?"

मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मी विचारलं, "म्हणजे मी येऊ नको?"

"तुम्ही आला नाहीत तर ती फाटकाकडे बघत दिवस काढेल. तुम्हीच यायचं. तिला तुमच्यावाचून कोण सांगणार, की आता वरचीचं ऐक?"

मग आमची शिकवणी सुरू झाली, आणि ती तिघींची होती. पहिले काही दिवस मी शेवंतीच्या डोक्याशी चालायचे. अनुजाने आधी 'थांब' म्हणून लगाम किंचित घ्यायचा, पाठ ताठ करायची, आणि लगेच मी थांबायचं. अनुजाने 'चल' म्हणून पाय लावायचे, आणि लगेच मी पाऊल टाकायचं. आधी वरून, मग खालून. मी घाई केली की मधुराताई ओरडायच्या, "मावशी, तुमचा नंबर दुसरा!" अनुजाला ओरडायच्या, "नवरदेवासारखी बसू नकोस! तुला कुठे मिरवायचंय? तुला जायचंय. जायचंय तिकडे बघ." त्या कुणालाच गोड बोलत नव्हत्या, पण ओरडून झालं की थर्मास उघडायच्या.

हळूहळू शेवंतीला कळायला लागलं की वरून काही आलं की पाठोपाठ खालून तेच येतं. मग ती खालच्याची वाट बघेना. मी थांबायच्या आत थांबायला लागली. पहिल्यांदा ती अशी थांबली तेव्हा अनुजाने तिच्या गळ्याला मिठी मारली आणि मधुराताईंनी घड्याळ बघत म्हटलं, "रडून झालं की पुन्हा."

मग मी एक हात लांब चालायला लागले. मग कुंपणाशी. मग त्यांनी मला तिथे स्टूल दिलं आणि म्हटलं, रिंगणाकडे पाठ करून बसा.

हे मला सगळ्यात जड गेलं. पायांना काम नाही, डोळ्यांना काम नाही. मी घरून मेथीची जुडी न्यायला लागले, ती निवडत बसायचे. मागे टापांचा आवाज यायचा. आवाज थांबला की माझ्या हातातली पानं चुरगळायची. एकदा मी न राहवून मान वळवली, तर शेवंती तिकडच्या टोकाला अनुजा वळवेल तशी वळत होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पुन्हा मेथी घेतली. ती भाजी त्या दिवशी खारट झाली, असं अनुजा म्हणते.

दिवाळीच्या आधी मनमोहनांनी दिवस दिला. मनूला मी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

मी मधुराताईंना म्हटलं, "मी आत येत नाही. माझी सावली दिसली तरी ती बिथरेल."

"ती नाही बिथरणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बिथराल. बसा बाहेर."

संस्थेच्या भिंतीबाहेर नलू नावाची कोळीण सुके बोंबील घेऊन बसते. इतक्या दिवसांत तिची माझी ओळख झाली होती. मी तिच्याशेजारी फळीवर बसले. रिंगण फाटकाला लागूनच होतं, फाटकाच्या फटीतून तिला आतलं दिसायचं. मला दिसत नव्हतं, आणि मला बघायचंही नव्हतं.

"काय करते गो?" मी विचारलं.

"चालते."

"आणि?"

"चालतेच. तुझी नात लई ताठ बसलीय."

"ताठच बसायचं असतं."

"आता वळली. परत वळली. तो म्हातारा टोपीवाला मधे उभा राहिला, त्याच्याभोवती फिरतेय. आता दुडक्या चालीने चाललीय. अगो बाय, काय ऐटीत!" नलूने एका गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. "थांब रे, घोडी बघू दे."

मग ती फळीवरून अर्धी उठली.

"काय झालं?"

"थांबली."

"थांबवली की थांबली?"

"थांबली. फाटकाशी. वर पोरांनी कंदील लावलेत ना, त्याखाली. मान खाली घालून उभी."

सजवलेलं दार! शेवंतीला काय ठाऊक ती संस्था? तिच्या लेखी तो मांडव होता. आता कुणीतरी ताट घेऊन यायचं होतं. मी तिथून चार हातांवर होते. मी उठून त्या फटीसमोरून दोन पावलं टाकली असती तरी ती चालली असती. मनमोहनांना पत्ताही लागला नसता. माझे पाय खरोखर उचलले गेले. मी दोन्ही पाय फळीखाली घेतले आणि फळीच्या कडेला हातांनी धरून बसले.

"पोरगी काय करते?"

"काय नाय करत. नुसती बसलीय."

"ओढत नाही?"

"नाय. मानेवर हात ठेवलाय. टोपीवाला घड्याळ बघतोय." नलू फटीला डोळा लावून होती. "आता पोरगी समोर बघतेय, लांब... पाय लावले... मालन, मान वर केली गो तिने! चालली! चालली बघ!"

नलूने माझ्या पाठीत धपाटा घातला. तिचा हात बोंबलाचा होता.

थोड्या वेळाने मी आत गेले तेव्हा अनुजा खोगीर उतरवत होती आणि मनमोहन तिच्याशी वाद घालत होते.

"फाटकाशी ती आपणहून थांबली, हे तर खरं?"

"थांबली, सर. वरातीची आहे, सजवलेलं दार दिसलं की थांबते."

"मुलं रोज काही ना काही लावतात त्या दारावर."

"मग रोज थांबेल, आणि रोज वरचा तिला चालवेल. मी चालवली ना? मुलांना पण शिकवीन. त्यांना आवडेल ते."

मनमोहनांनी मधुराताईंकडे पाहिलं. त्या थर्मास धुवत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? ती स्वार आहे, तिला विचारा."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "डावीकडचं ठाण रिकामं आहे. वारा येतो तिथे. उद्याच आणा सामान."

मी मनूला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, वाईट वाटलं, पण बरंही वाटलं."

भाऊबीज झाल्यावर शेवंतीचा पहिला दिवस होता. पूर्वी नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी आली, दोन्ही पायांना आधाराचे पट्टे, आईच्या कडेवर. तिला वर बसवलं. एका बाजूला तिला धरायला माणूस हवं होतं, ते काम मला दिलं. अनुजाने आधीच बजावलं, "आजी, फक्त तिचा पाय धरायचा. बाकी काही नाही."

"नाही करत गो, किती वेळा सांगशील?"

पूर्वीने लगाम इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. तिने मला विचारलं, "ही पळणार नाही ना?"

"मला काय ठाऊक? तू सांगशील ते करेल."

"मी?"

"पाठ ताठ कर आणि सांग."

तिने अनुजाकडे पाहिलं. अनुजाने पुढे बोट दाखवलं, तिकडे बघ म्हणून. पूर्वीने तिकडे बघितलं आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "चल."

शेवंती चालली. पूर्वीची आई कुंपणाशी तोंडावर हात धरून उभी होती. अर्धी फेरी झाल्यावर पूर्वीने दोन्ही हातांनी लगाम छातीशी घेतला, "थांब" म्हणाली, आणि शेवंती थांबली.

"आई! मी थांबवली!"

"बघितलं गं."

"नाही, तू नीट नाही बघितलंस. परत बघ."

ती पुन्हा चालली, पुन्हा थांबली. पुन्हा चालली. मनमोहन म्हणाले, पुरे, दुसरी मुलं वाट बघतायत. पूर्वी म्हणाली, मी उतरणार नाही. तिला उतरवायला तिघं जण लागले.